तिसरी टोपली

विधेयक तीन पानांचे होते आणि एका रात्रीत लिहिलेले होते. नातीने ते सकाळच्या चहाबरोबर आजोबांपुढे ठेवले. कॉलेजच्या युवा संसदेत तिला अशासकीय विधेयक मांडायचे होते. विषय तिचा तिनेच निवडला होता : लोकसभेचे खासदार निवडण्याची पद्धत बदलावी.

आजोबांना गावात सगळे गुरुजी म्हणत. माध्यमिक शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. एका हातात कागद आला की दुसऱ्या हातात पेन्सिल यायची, ही सवय काही सुटली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पहिला परिच्छेद वाचला आणि समासात एक बारीकसे प्रश्नचिन्ह काढले.

"काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. आकडा बरोबर आहे. पण एकच आहे."

परिच्छेदात तिने एका लोकसभा निवडणुकीचा हिशेब दिला होता. मते इतकी, जागा तितक्या, आणि पुढे उद्गारचिन्ह. निवडणूक नेमकी तीच होती जिच्यात तिच्या आवडीचा पक्ष आपटला होता. गुरुजींनी समासात तीन ओळी लिहिल्या. '१९८४ : काँग्रेस, मते सुमारे ४९ टक्के, जागा ४०० हून अधिक. २०१४ : भाजप, मते ३१ टक्के, जागा ५४३ पैकी २८२. त्याच साली बसप, मते ४ टक्क्यांवर, जागा शून्य.'

"उद्या कुणी उठून विचारलं की बाई तू कुणाच्या बाजूची, तर त्याला या तिन्ही ओळी वाचून दाखव."

नात जरा फुरंगटली. "पण मुद्दा तर तोच राहतो ना, आजोबा?"

"राहतो. पण मुद्दा कोण मांडतंय आणि कधी मांडतंय, ते पाहूनच लोक कान देतात. आपल्या वेशीवरच्या कमानीची गोष्ट तुला कुणी सांगितलीय का?"

"कमानीची कसली गोष्ट?"

गुरुजींनी पेन्सिल कानावर खोचली.

*

नात तेव्हा पाळण्यात होती. चैत्रातली यात्रा पार पडली, तमाशाचे, मंडपाचे, कुस्त्यांच्या इनामाचे पैसे भागले आणि तरीही यात्रा कमिटीच्या वहीत बऱ्यापैकी रक्कम शिल्लक उरली. असे गावात पहिल्यांदाच घडत होते. शिलकीचे काय करायचे ते ठरवायला देवळाच्या मंडपात गाव जमले. उंबऱ्याला एक मत, असे ठरले. वही गुरुजींकडे होती.

कमिटीचे अध्यक्ष अण्णा. त्यांचे चार ट्रक चालत आणि आवाज पाचव्या ट्रकासारखा. त्यांना वेशीवर कमान हवी होती. "पाहुणारावळा गावात शिरला की गाव कसं आहे ते वेशीतच कळलं पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. वरच्या आळीला जुन्या विहिरीतला गाळ काढून तिच्यावर मोटर बसवायची होती. खालच्या आळीला नवी बोअर मारून टाकी बांधायची होती. दोन्ही आळ्यांत त्याआधी आठवडाभर भांडण चालले होते, आणि ते असे पेटले होते की कमानीबद्दल बोलायला कुणाला सवडच झाली नाही.

हात वर झाले. गुरुजींनी रांगांमधून फिरून दोनदा मोजले. कमान ९६, विहीर ८१, टाकी ६६. कुणीतरी नारळ फोडला. अण्णांच्या कपाळी गुलाल लागला.

गुरुजी वहीत आकडे उतरवायला बसले आणि सवयीने त्यांनी खाली बेरीज मांडली. ८१ अधिक ६६, एकशे सत्तेचाळीस. एकशे सत्तेचाळीस उंबऱ्यांना पाणी हवे होते, शहाण्णव उंबऱ्यांना कमान. आणि त्याच वहीत, त्याच शाईने त्यांना लिहायचे होते की गावाने कमान मागितली.

ते उठले. म्हणाले, "मंडळी, हे बरोबर झालं नाही. पाणी एकीकडे आणि कमान एकीकडे असं पुन्हा एकदा विचारू."

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पोरांना शिकवता. कबड्डीचे नियम डाव सुरू होण्याआधी सांगायचे असतात की हरल्यावर?"

मंडप खदखदून हसला. गुरुजींचे स्वतःचे घर वरच्या आळीत होते आणि त्यांचा हात विहिरीसाठी वर झाला होता, हे सगळ्यांनी पाहिले होते. बेरीज बरोबर होती. पण ती मांडणारा हरलेला होता, म्हणून ती बेरीज न राहता तक्रार झाली.

गुरुजी खाली बसले. वहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले : 'कमान मंजूर.' मग टोपण लावले आणि ते पुन्हा उभे राहिले.

"अण्णा म्हणतात ते खरं आहे. कमान होऊ दे. आता पुढच्या वर्षीचं बोलू."

"पुढच्या वर्षी काय मागायचं ते आज कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. म्हणून तर आज बोलायचं." गुरुजींनी मंडपाकडे वळून विचारले, "भावाभावांत जमिनीची वाटणी होते, तेव्हा वाटे कोण करतो?"

"थोरला," दोनचार म्हातारे एकदम म्हणाले.

"आणि पहिला वाटा उचलतो कोण?"

"धाकटा."

"असं का?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. आपल्या पदरात कुठला तुकडा येणार हे थोरल्याला ठाऊक नसते, म्हणून तो बांध सरळ घालतो. तिथल्या निम्म्या लोकांची शेते तशाच वाटणीतून आलेली होती.

"आज आपण सगळे थोरले आहोत," गुरुजी म्हणाले. "पुढच्या वर्षी कोण पुढे असेल, कोण मागे, कुणाला ठाऊक नाही. मोजायची रीत ठरवायला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही. आणि अण्णा, आज पाण्यात दोन तट पडले म्हणून तुमची कमान आली. उद्या तुमच्याच भावकीतून दुसरी कमान उभी राहिली तर?"

मंडप पुन्हा हसला. या वेळी अण्णा हसले नाहीत. त्यांच्या चुलतभावाला वेशीपेक्षा देवळासमोर कमान हवी होती, आणि तो तिसऱ्याच रांगेत बसला होता.

"सांगा तुमची रीत," अण्णा म्हणाले.

रीत गुरुजींच्या डोक्यातून निघालेली नव्हती. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात ते तीनदा तसेच मतदान करून आले होते. तिथे नावापुढे शिक्का मारायचा नसतो. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे असतात, पुढे रिकामी चौकट असते आणि केंद्रावर एक जांभळ्या शाईचे पेन हातात देतात. त्याच पेनाने आकडा लिहायचा. जो सर्वांत आवडता त्याच्यापुढे १, तो नाही तर कोण त्याच्यापुढे २, मग ३. स्वतःच्या खिशातले पेन वापरले, बरोबरची खूण केली किंवा 'एक' असे अक्षरी लिहिले तरी मत बाद. गुरुजींच्या ओळखीचे दोन मराठीचे मास्तर सवयीने 'एक' लिहून आले होते आणि वर्षभर ते कुणाला सांगत नव्हते.

मोजणीही वेगळी. पहिल्या पसंतीतच कुणी ठरलेला कोटा गाठला तर प्रश्न मिटला. नाही गाठला तर सर्वांत मागच्याला बाद करायचे आणि त्याच्या मतपत्रिकांवर २ कुणापुढे आहे ते पाहून त्या त्याच्याकडे द्यायच्या. असे करत राहायचे. कधी कधी ही मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

"म्हणजे हरलेल्याचं मत मरत नाही," मागून एक बाई म्हणाली. तिच्या नवऱ्याला ताप होता, म्हणून त्यांच्या उंबऱ्याचे मत द्यायला ती आली होती.

"मरत नाही. उठून दुसरीकडे जाऊन बसतं," गुरुजी म्हणाले. वहीत पुढची ओळ गेली : 'पुढील वर्षापासून पसंतिक्रमाने.'

कमान झाली. छान झाली. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि पाण्याचा टँकर गावात आला तो कमानीखालूनच. टाकी वर घासेल की काय म्हणून चालक खाली उतरून मान वर करून बघत उभा राहिला होता, आणि त्याच्यामागे हंडे घेतलेल्या बायका.

*

पुढच्या यात्रेनंतर पुन्हा शिल्लक उरली. या वेळी मागण्या वेगळ्या होत्या. तरुण पोरांना तालमीची डागडुजी हवी होती. काही घरांना स्मशानात पत्र्याची शेड हवी होती. आणि मुलांसाठी अभ्यासिका हवी, ही तिसरी मागणी खुद्द गुरुजींची होती. दहावीची पोरे देवळाच्या दिव्याखाली अभ्यास करायची, ते त्यांना बघवत नसे.

मंडपात तीन वेताच्या टोपल्या मांडल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांवर चित्रे काढली होती : पुस्तक, पत्रा, मुद्गल. त्यांनी बोटाने दाखवायचे आणि त्यांच्याच घरच्या शाळकरी पोराने आकडा घालायचा. पहिली पसंती पाहून चिठ्ठ्या टोपल्यांत पडत गेल्या. अभ्यासिका ९२, शेड ८०, तालीम ७१.

गुरुजी सर्वांत पुढे होते. निम्मे मात्र नव्हते. २४३ चिठ्ठ्यांत निम्म्यापुढे जायचे तर १२२ हव्या होत्या.

क्षणभर मंडपात शांतता झाली. अण्णा हाताची घडी घालून उभे होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, जुनी रीत असती तर तुमची अभ्यासिका झाली होती."

"झाली होती," गुरुजी म्हणाले. आणि त्यांनीच पुढे होऊन तिसरी टोपली उचलली आणि सतरंजीवर उपडी केली.

तालमीच्या ७१ चिठ्ठ्या पसरल्या. एकेक उचलून ते २ कुठे आहे ते मोठ्याने वाचू लागले. पत्रा. पत्रा. पुस्तक. पत्रा. पाचजणांनी दुसरा आकडा घातलाच नव्हता, त्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. नऊ अभ्यासिकेकडे आल्या. सत्तावन्न शेडकडे गेल्या. शेवटचा हिशेब : शेड १३७, अभ्यासिका १०१.

गुरुजींनी वहीत लिहिले : 'शेड मंजूर.' अक्षर वर्षापूर्वीइतकेच स्वच्छ होते. अण्णांनी ते वाकून पाहिले आणि त्या दिवसापासून रीतीविरुद्ध ते कधी बोलले नाहीत.

*

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" नातीने विचारले.

"वाटलं की. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण त्या पावसाळ्यात शेडखाली दोन चिता कोरड्या पेटल्या. तोवर आपल्याकडे आषाढात माणूस गेलं की ताडपत्रीची चार टोकं धरून चौघांना भिजत उभं राहावं लागायचं. तालमीतल्या पोरांनीच कितीदा ती टोकं धरली होती. म्हणून त्यांचा दुसरा आकडा पत्र्याकडे गेला. आपण नुसतं 'काय हवं' विचारलं असतं तर हे कधी कळलंच नसतं. 'ते नाही तर काय' असं विचारलं, म्हणून कळलं. आणि अभ्यासिका झालीच, चार वर्षांनी."

नातीने पाने पुढे ओढली. "मग हेच लिहिते की. लोकसभेलाही असंच करावं."

"लिही. पण आधी हे बघ." गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढली. "तू पहिल्या पानावर लिहिलंस की मतांच्या मानाने जागा मिळत नाहीत. दुसऱ्या पानावर लिहिलंस की मतदारसंघात निम्म्याहून कमी मतं घेणारा निवडून येतो. ही दोन दुखणी आहेत. आणि तिसऱ्या पानावर औषध मात्र एकच."

"पसंतिक्रम."

"तो दुसऱ्या दुखण्याचा. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा असेल तर पसंतिक्रमाने त्याच्यामागे निम्म्याहून जास्त लोक उभे आहेत की नाही ते कळतं. पण देशभर चार टक्के मतं मिळवून शून्य जागा, हे दुखणं त्याने बरं होत नाही. त्याला एका मतदारसंघातून अनेक माणसं निवडावी लागतात, नाहीतर पक्षांच्या याद्या लागतात. १९९९ साली विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात सुचवलं होतं की आहेत त्या जागा ठेवाव्यात आणि वर पंचवीस टक्के जागा याद्यांतून, मतांच्या प्रमाणात भराव्यात. तुला कुठलं दुखणं बरं करायचंय ते आधी ठरव. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी."

तिने पहिल्या पानावर काट मारली. एकच दुखणे ठेवले.

"आता विरोधकांचं म्हणणं लिही. तुझ्याआधी."

"त्यांचं मी कशाला लिहू?"

"कारण ते साधेसुधे लोक नाहीत. ४ जानेवारी १९४९ ला संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की लोकसभा प्रमाणशीर पद्धतीने निवडावी. उत्तर कुणी दिलं? बाबासाहेबांनी. ते म्हणाले, या पद्धतीला मतदार मोठ्या प्रमाणावर साक्षर लागतात, आणि आपल्याकडे तशी स्थिती नाही. दुसरं, अशाने सभागृहाचे तुकडे पडतील आणि सरकार टिकणार नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अठरा टक्के निघाली. मग सांग, चुकले का ते?"

"तेव्हा नाही."

"आता?"

नातीने फोनवर आकडा पाहिला. "२०११ च्या जनगणनेत ७४ टक्के."

"म्हणजे पहिली हरकत बरीचशी गळाली. सगळी नाही, उरलेल्या सव्वीस टक्क्यांसाठी चिठ्ठीवर पत्रा आणि पुस्तक काढावं लागेल. दुसरी हरकत अनेक जागांच्या मतदारसंघाला लागते, तुझ्या एकाच जागेच्या मतदारसंघाला नाही. तिसरी तू स्वतः घाल. २०२४ ला मतदारयादीत ९७ कोटींच्या आसपास नावं होती. त्यांचे आकडे फेरीफेरीने मोजायचे, म्हणजे यंत्रं नवी, वेळ जास्त, आणि केंद्राकेंद्रावरचा हिशेब एकत्र आल्याशिवाय कुणाला बाद करता येत नाही. लिही हे."

तिने लिहिले. मग मान वर करून म्हणाली, "एवढ्या अडचणी आहेत तर मग राहूच दे ना जुनं!"

"जुनं म्हणजे कुठलं?" गुरुजी हसले. "१९५२ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. चिन्ह पेटीवर, आणि कागद त्या पेटीत टाकायचा. आपल्या टोपल्यांसारखंच. काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडायचे, तिथे मतदाराला दोन मतं. तुझ्या पणजीने तशी दोन मतं दिली होती आणि एक देवाला दिलं असं ती सांगायची. ते मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. पेट्या गेल्या, शिक्का आला. शिक्का गेला, २००४ ला देशभर यंत्र आलं. म्हणजे आपल्याला बदल जमत नाही असं नाही. पेटी बदलली, शिक्का बदलला. सगळ्यात पुढचा तो जिंकला, एवढं मात्र कुणी बदललं नाही."

"खासदारांनाच जमणार नाही म्हणतील."

"खासदारांना येतंच की! राष्ट्रपती निवडताना ते १, २, ३ असंच लिहितात. आमदार राज्यसभेचे सदस्य निवडताना तेच करतात. १९६९ ला राष्ट्रपतिपदाला आपले चिंतामणराव देशमुख उभे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडलेले. पहिल्या मोजणीत गिरी पुढे, रेड्डी दुसरे, देशमुख तिसरे. कोटा कुणीच गाठला नाही. मग मागच्या टोपल्या उपड्या झाल्या. देशमुखांची बहुतेक दुसरी मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरी थोडक्यात कोट्यापुढे सरकले. म्हणजे टोपली उपडी केली की पुढचा पडतोच, असंही नाही. फक्त तो खरंच पुढे आहे का, ते कळतं."

नात बराच वेळ लिहीत राहिली. मग थांबली.

"आजोबा, पण हे कुणीतरी जिंकलेल्यानेच मांडावं लागणार. हरलेल्याने मांडलं की तक्रार होते. आणि जिंकलेला कशाला मांडेल?"

"आता तू बरोबर ठिकाणी आलीस," गुरुजी म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ऑस्ट्रेलियात १९१८ च्या ऑक्टोबरात स्वान नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा बावीस वर्षांचा पोरगा उभा होता. त्याच्यासमोर सरकारी पक्षाचा एक आणि शेतकऱ्यांचा एक. विहीर आणि टाकी. दोघांची मतं मिळून साठ टक्क्यांवर, पण फुटलेली. पोरगा ३४ टक्क्यांवर जिंकला. सरकार घाबरलं. त्याने पसंतिक्रमाचा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोरंगामाइटच्या पोटनिवडणुकीत तो लावला. तिथे मजूर पक्षाचे स्कलिन पहिल्या मोजणीत पुढे होते. बाकीच्या टोपल्या उपड्या झाल्यावर शेतकऱ्यांचा माणूस निवडून आला."

"म्हणजे कायदा स्वार्थासाठीच केला!"

"चक्क. मजूर पक्षाला पाडण्यासाठी. आता पुढचं ऐक. तो कायदा शंभर वर्षांनंतरही तिथे आहे. २०२२ ला त्याच मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची मतं मिळाली तेहतीस टक्क्यांहूनही कमी, समोरच्या आघाडीपेक्षा कमी. आणि सरकार बनवलं मजूर पक्षाने. दुसऱ्या पसंतीच्या जोरावर. ज्याला पाडायला दोर लावला, तोच त्या दोरावरून वर चढला."

नात हसली, मग हसता हसता गप्प झाली. "म्हणजे नियम कुणाच्या उपयोगी पडणार ते करणाऱ्यालासुद्धा कळत नाही."

"लांबचं नाही कळत. जवळचं कळतं, आणि तिथेच सगळा घोळ होतो. येती निवडणूक डोळ्यांसमोर असली की प्रत्येकजण आपल्या मापाचा नियम शिवून घेतो. तिच्या पलीकडची निवडणूक कुणालाच दिसत नाही. तिथे सगळे थोरले."

तिने पेन उचलले. विधेयकात सहा कलमे होती. सातवे तिने त्या सकाळी घातले : 'हा कायदा संमत झाल्यानंतर होणाऱ्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस लागू होणार नाही. तो त्यानंतरच्या निवडणुकीपासून लागू होईल.'

गुरुजींनी ते वाचले आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. समासात काही लिहिले नाही.

*

युवा संसदेत विधेयक मांडून झाल्यावर समोरच्या बाकावरचा मुलगा ताडकन उठला. "माननीय सदस्यांनी सांगावं, या कायद्याने कोणत्या पक्षाचा फायदा होणार आहे?"

सभागृहात हशा पिकला. तिने १९८४ आणि २०१४, दोन्हीचे आकडे वाचले. मग म्हणाली, "फायदा कुणाचा, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. कृपया कलम सात पाहावं."

चर्चा तासभर चालली. खर्च, वेळ, यंत्रे, गोंधळ. प्रत्येक हरकतीला तिच्या भाषणात आधीच जागा होती, त्यामुळे बोलणाऱ्यांचे आवाज हळूहळू खाली आले. शेवटी मतदान झाले. बाजूने १९, विरुद्ध ३४. विधेयक पडले. पडणार हे तिला ठाऊक होते. खऱ्या संसदेतही आजवर चौदाच अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, आणि शेवटचा १९७० साली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गुरुजी ओसरीवर बसले होते.

"किती पडली?"

"एकोणीस."

"आणि सातव्या कलमावर काय म्हणाले?"

ती चपला काढता काढता थांबली. आठवून पाहू लागली. पहिल्या कलमापासून सहाव्यापर्यंत प्रत्येकावर कुणी ना कुणी बोलले होते.

"सातव्यावर कुणी काहीच बोललं नाही."

"मग पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात कर," गुरुजी म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.

तात्पर्य : तराजू बदलायचा तर आपला माल पारड्यात नसताना बदलावा. आणि बदलल्यावर आपलेच पारडे वर गेले, तरी काट्याला बोट लावू नये.